चार प्रश्नांमागचे काम : आत्महत्येची जोखीम ओळखणारी प्रश्नावली कशी तयार होते आणि कशी पारखली जाते

२०१२ साली अमेरिकेत चार प्रश्नांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. लिसा होरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वॉशिंग्टन, बॉस्टन आणि कोलंबस येथील तीन बालरुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत तयार केली होती. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'एएसक्यू' म्हणून ओळखली जाते. गेल्या काही आठवड्यांत आपण मरून जावे असे वाटले का, आपण नसतो तर आपले किंवा घरच्यांचे बरे झाले असते असे वाटले का, गेल्या आठवडाभरात स्वतःचा जीव घेण्याचे विचार आले का, आणि आजवर कधी तसा प्रयत्न केला आहे का, एवढेच ती विचारते. पाय मोडला म्हणून किंवा दम लागला म्हणून आलेल्या मुलालाही परिचारिका हे प्रश्न विचारू शकते आणि त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. मात्र हेच चार प्रश्न का, काळाची मर्यादा हीच का, आणि एका 'हो'चा अर्थ नेमका काय घ्यायचा, हे ठरवण्यामागे जे काम असते ते सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचते. ते पोहोचायला हवे, कारण अशा प्रश्नावल्या आता मोबाइलवर, महाविद्यालयांत आणि कार्यालयांत सर्रास फिरू लागल्या आहेत. त्यांतली कोणती नीट पारखलेली आहे आणि कोणती कोणीतरी एका दुपारी बसून लिहिलेली आहे, हे नुसते पाहून ओळखता येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला, आणि त्यांपैकी २२,७४६ मृत्यू एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे देशातील कोणत्याही राज्यापेक्षा अधिक होते. यांतले बरेच जण मृत्यूपूर्वी कोणत्या ना कोणत्या डॉक्टरांसमोर बसून गेलेले असतात. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा सांगतो की, आत्महत्येने मरण पावलेल्यांपैकी सरासरी ४५ टक्के व्यक्ती शेवटच्या महिन्याभरात प्राथमिक आरोग्य सेवेच्या संपर्कात आल्या होत्या. त्या आल्या होत्या डोकेदुखीसाठी, झोप लागत नाही म्हणून, पोट बिघडले म्हणून. मनातले कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. चाळणी प्रश्नावलीचा जन्म या फटीतून झाला आहे.

'चाळणी', म्हणजे स्क्रीनिंग, हा शब्द येथे जपून घ्यायला हवा. ही प्रश्नावली आजाराचे निदान करत नाही आणि पुढे काय घडेल हेही सांगत नाही. समोरच्या शंभर माणसांपैकी आज कोणाशी अधिक वेळ बसून बोलायला हवे, एवढेच ती दाखवते. हे तिचे काम आणि तिच्याकडून धरली जाणारी अपेक्षा यांत फार अंतर पडले आहे, आणि माझ्या मते या विषयातील बहुतेक गोंधळ त्या अंतरातून निर्माण होतो.

पहिला अडथळा मात्र मोजमापाच्या आधीचा आहे. असे थेट विचारले तर नसलेला विचार मनात येईल, ही भीती पालकांना असते, शिक्षकांना असते आणि अनेक डॉक्टरांनाही असते. या भीतीची प्रत्यक्ष तपासणी झालेली आहे. मॅडलिन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातील सहा माध्यमिक शाळांमधील २,३४२ विद्यार्थ्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाच्या प्रश्नावलीत आत्महत्येविषयीचे प्रश्न घातले, दुसऱ्याच्या प्रश्नावलीत ते ठेवले नाहीत, आणि दोन दिवसांनी दोन्ही गटांना पुन्हा विचारले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, प्रश्न विचारलेल्या गटात अस्वस्थता वाढली नाही आणि आत्महत्येचे विचारही वाढले नाहीत. उलट आधीपासून नैराश्य असलेली किंवा पूर्वी प्रयत्न केलेली मुले, प्रश्न विचारले गेल्यावर, न विचारलेल्या तशाच मुलांपेक्षा किंचित कमी अस्वस्थ आढळली. तेव्हा विचारणे धोक्याचे नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदवतो. हा लेख वाचताना कोणाच्या मनात असे विचार येत असतील, किंवा घरातील कोणाविषयी काळजी वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र निःशुल्क उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

नेमके काय मोजायचे?

प्रश्न लिहायला बसण्याआधी कोणती गोष्ट मोजायची हे ठरवावे लागते आणि ते वाटते तितके सरळ नाही. जगण्याचा उबग येणे, मरण यावे असे वाटणे, स्वतःचा जीव घेण्याचा विचार येणे, त्याचा बेत मनात तयार होणे, प्रत्यक्ष प्रयत्न करणे, आणि मरण्याचा हेतू नसताना केवळ असह्य भावना सुसह्य व्हावी म्हणून स्वतःला इजा करणे, या सगळ्या वेगवेगळ्या अवस्था आहेत. एकीतून दुसरीकडे जाण्याचा ठरावीक क्रम नसतो आणि प्रत्येकीत लागणारी मदतही वेगळी असते. प्रश्नाने या अवस्था एकमेकींत मिसळल्या, तर उत्तर हाती येऊनही त्याचा अर्थ लागत नाही.

याचे जवळून पाहण्याजोगे उदाहरण म्हणजे जगभर वापरली जाणारी 'पीएचक्यू-९' ही नैराश्याची प्रश्नावली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली रुग्ण स्वतः भरतो. तिचा नववा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत 'आपण मेलो तर बरे होईल, किंवा स्वतःला काहीतरी इजा करावी' असे विचार कितीदा आले हे विचारतो, आणि 'अजिबात नाही' पासून 'जवळजवळ रोज' पर्यंतच्या चार पर्यायांना ० ते ३ गुण देतो. एका वाक्यात येथे दोन प्रश्न आहेत. दुर्धर आजाराने थकलेला, पण स्वतःला काही करून घेण्याचा विचारही न करणारा सत्तर वर्षांचा माणूस आणि रोज स्वतःला इजा करण्याच्या विचाराशी झगडणारी वीस वर्षांची मुलगी, दोघेही 'जवळजवळ रोज' या चौकटीत खूण करतील आणि दोघांनाही ३ गुण मिळतील. नैराश्याच्या लक्षणांपैकी एक म्हणून हा प्रश्न योग्यच आहे, परंतु त्या एकट्या प्रश्नावर आत्महत्येच्या जोखमीची चाळणी उभी करणे म्हणजे त्याच्याकडून त्याचे नसलेले काम करून घेणे होय. एएसक्यूमध्ये मरणाची इच्छा, 'मी नसलो तर बरे' ही भावना, जीव घेण्याचा विचार आणि पूर्वीचा प्रयत्न यांना चार स्वतंत्र प्रश्न दिले आहेत, ते याच कारणाने.

काय मोजायचे हे ठरले की प्रश्नांचा साठा जमवला जातो. तो नेहमी गरजेपेक्षा मोठा ठेवतात, कारण पुढे त्यातले बहुतेक प्रश्न गळणार असतात. एएसक्यूसाठी १७ प्रश्न उभे केले होते. आधीचे संशोधन, मनोविकारतज्ज्ञांचा अनुभव आणि अशा प्रसंगातून स्वतः गेलेल्या व्यक्तींचे म्हणणे, या तिन्हींतून हे प्रश्न यायला हवेत. तिसरा स्रोत बराच काळ दुर्लक्षित राहिला, आणि तो सर्वांत मोलाचा आहे असे मला वाटते, कारण त्या क्षणी मनात कोणते शब्द येतात हे तज्ज्ञाला ऐकून माहीत असते, तर त्या माणसाने ते भोगलेले असतात.

त्यानंतरची पायरी शांतपणे बसून करायची असते. दहा-पंधरा जणांना एकेकट्याने प्रश्न वाचायला द्यायचे, आणि उत्तर मिळाल्यावर पुढे विचारायचे की, हा प्रश्न वाचताना तुमच्या मनात काय आले, तुमच्या शब्दांत तो सांगा, आणि 'कधी कधी' म्हणजे तुम्ही महिन्यातून किती वेळा धरले? अशा बैठकीत प्रश्नांचे दोष लगेच उघडे पडतात. 'पूर्वी कधी प्रयत्न केला आहे का?' हा प्रश्न अगदी स्पष्ट वाटतो. पण तयारी करून शेवटच्या क्षणी मागे फिरलेला माणूस त्याला 'नाही' म्हणू शकतो आणि मरण्याचा हेतू नसताना स्वतःला इजा केलेली मुलगी 'हो' म्हणू शकते. आपल्याकडील एक उदाहरण घेऊ. 'देवाने आता उचलावे असे वाटते का?' असा प्रश्न मराठी प्रश्नावलीत घातला, तर घरोघरच्या आजी त्याला सहज 'हो' म्हणतील, कारण नातवंडांचे सगळे झाले, आता सुखाने जावे, हे त्या चारचौघांत बोलतच असतात. त्याउलट खरोखर संकटात असलेला तरुण शेतकरी तो प्रश्न आपल्यासाठी नाही असे समजून पुढे जाईल. प्रश्न मोठ्या गटासमोर जाण्याआधी अशा बैठका झाल्या की नाहीत, हे कोणत्याही प्रश्नावलीविषयी विचारण्याजोगे आहे.

माणूस कागदावर किंवा पडद्यावर स्वतः उत्तर देतो, तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही आणि लाजेचा अडसर कमी होतो. स्वतः भरायच्या प्रश्नावलीची ताकद हीच आहे. तिची मर्यादाही येथेच आहे, कारण गैरसमज झाला तर तो दुरुस्त करायला कोणी जवळ नसते आणि वाचता न येणारा माणूस तिच्याबाहेर राहतो. एएसक्यूचे प्रश्न परिचारिका वाचून दाखवते आणि उत्तर मात्र रुग्णाचे स्वतःचे असते, म्हणून ती या दोहोंच्या मधली आहे.

पारख कशाशी करायची?

प्रश्न तयार झाले म्हणजे चाचणी तयार झाली, असे होत नाही. तिच्या उत्तरांची तुलना अधिक विश्वासार्ह अशा एखाद्या मापाशी करावी लागते. एएसक्यूसाठी हे माप होते विल्यम रेनॉल्ड्स यांची ३० प्रश्नांची, आत्महत्येच्या विचारांविषयीची आणि स्वतः भरायची प्रश्नावली. तपासणीत भाग घेतलेल्या ५२४ जणांपैकी ३४४ जण शारीरिक तक्रारींसाठी आणि १८० जण मानसिक तक्रारींसाठी आले होते. त्या प्रत्येकाने १७ प्रश्नांची उत्तरे दिली आणि मोठी प्रश्नावलीही भरली.

यातील 'प्रत्येकाने' हे महत्त्वाचे आहे. खर्च वाचवण्यासाठी केवळ छोट्या चाचणीत 'हो' म्हणणाऱ्यांचीच मोठी तपासणी केली, तर चाचणीने किती जणांना निसटू दिले हे कधीच कळत नाही, आणि ती आहे त्यापेक्षा फार चांगली दिसू लागते. त्याचप्रमाणे मोठी तपासणी करणाऱ्याला छोट्या चाचणीचे उत्तर आधी कळता कामा नये, नाहीतर नकळत दोन्ही उत्तरे जुळवली जातात. प्रसिद्ध झालेले उत्तम आकडे पाहताना या दोन गोष्टी पाळल्या गेल्या का, हे मी आकड्यांच्या आधी पाहतो.

मोठ्या प्रश्नावलीनुसार त्या ५२४ पैकी ९८ जणांना जोखीम होती. सतरा प्रश्नांच्या निरनिराळ्या जुळण्या तपासून, ज्यांनी सर्वांत कमी जण निसटतील असे चार प्रश्न निवडले गेले. या चार प्रश्नांची संवेदनशीलता ९६.९ टक्के निघाली, म्हणजे ९८ पैकी ९५ जण सापडले आणि ३ सुटले. विशिष्टता ८७.६ टक्के निघाली, म्हणजे जोखीम नसलेल्या ४२६ जणांपैकी ३७३ जणांना तिने बरोबर बाजूला ठेवले आणि ५३ जणांच्या बाबतीत विनाकारण इशारा दिला, ज्याला कोविडच्या काळापासून सगळेच फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. येथे एक निवड जाणीवपूर्वक केलेली आहे. विनाकारण इशारा मिळालेल्या मुलाशी समुपदेशक दहा मिनिटे जास्त बोलेल. सुटलेला मुलगा कोणाशीच न बोलता घरी जाईल. या दोन चुकांचे वजन सारखे नाही, म्हणून पहिली चूक जास्त झाली तरी चालेल पण दुसरी होता कामा नये, असे धोरण ठेवले जाते. एएसक्यूमध्ये उत्तर द्यायला नकार देणाऱ्याचीही गणना 'हो' म्हणणाऱ्यांत होते, हे त्याच धोरणाला धरून आहे.

गुण देणाऱ्या प्रश्नावल्यांत हीच निवड कट-ऑफ, म्हणजे किती गुणांपासून पुढे जोखीम मानायची ती रेघ, ठरवताना करावी लागते. चार प्रश्नांच्या आणि ३ ते १८ गुणांच्या 'एसबीक्यू-आर' या प्रश्नावलीची तपासणी ऑगस्टिन ओस्मान आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी सर्वसामान्य प्रौढांसाठी ७ गुणांची आणि मनोरुग्णालयात दाखल असलेल्यांसाठी ८ गुणांची रेघ सुचवली. प्रश्न तेच, गुण देण्याची पद्धत तीच, पण समोरचा गट बदलला की रेघ सरकते. एखाद्या संकेतस्थळावर '७ पेक्षा जास्त गुण म्हणजे धोका' असे सरसकट लिहिलेले असेल, तर ते कोणासाठी ठरवलेले ७ आहेत, हे विचारलेच पाहिजे.

विश्वसनीयतेविषयी थोडक्यात लिहितो. सामान्यतः तीच प्रश्नावली दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घेतात आणि गुण जुळतात का हे पाहतात. आत्महत्येच्या विचारांच्या बाबतीत हा निकष जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण हे विचार तासातासाला कमी-जास्त होतात. सकाळी 'हो' म्हणणारा रात्री प्रामाणिकपणे 'नाही' म्हणू शकतो. गुण बदलले तर चाचणी डळमळीत आहे की माणसाची अवस्था बदलली, हे वेगळे काढावे लागते. म्हणून पुन्हा भरून घेण्याचे अंतर कमी ठेवतात, आणि पूर्वीच्या प्रयत्नासारखे न बदलणारे प्रश्न स्वतंत्रपणे तपासतात. प्रश्न आपसांत किती जुळतात हे सांगणारा क्रॉनबॅकचा अल्फा अहवालांत नेहमी अभिमानाने छापलेला असतो, पण तो फार जास्त असेल तर एकच प्रश्न शब्द फिरवून चार वेळा विचारलेला असण्याचीही शक्यता असते.

भविष्य सांगण्याचा मोह

आता सर्वांत अवघड आणि सर्वांत गैरसमजाच्या भागाकडे येऊ. वरचे ९६.९ टक्के पाहून वाचकाला वाटेल की, ही चाचणी आत्महत्या करणाऱ्या शंभरातील सत्त्याण्णव जणांना आधीच ओळखते. तसे मुळीच नाही. तिची तुलना आजच्या विचारांशी झाली होती, पुढील मृत्यूंशी नव्हे.

प्रमाण बदलले की तीच चाचणी कशी वागते हे आधी पाहू. समजा, एखाद्या चाचणीची संवेदनशीलता ९७ टक्के आणि विशिष्टता ८८ टक्के आहे. मानसिक तक्रारींसाठी आलेल्या १,००० रुग्णांपैकी ४७० जणांना आत्महत्येचे विचार असतील, तर ती सुमारे ४५६ जणांना ओळखेल आणि सुमारे ६४ जणांना विनाकारण इशारा देईल. म्हणजे इशारा मिळालेल्या दहापैकी जवळपास नऊ जणांना खरोखर मदतीची गरज असेल. तीच चाचणी हाडवैद्याकडे किंवा पोटदुखीसाठी आलेल्या १,००० जणांना दिली आणि त्यांतल्या केवळ ४० जणांना असे विचार असतील, तर ती ३९ जणांना ओळखेल, पण विनाकारण इशारे सुमारे ११५ होतील. चारातील एक इशारा खरा. तरीही या दुसऱ्या ठिकाणी चाचणी उपयोगाची आहे, कारण ज्या ८४६ जणांना तिने 'नाही' म्हटले त्यांच्यात जोखमीचा सुमारे एकच जण राहतो, आणि १५४ जणांशी थोडा वेळ बोलणे मोठ्या रुग्णालयाला अशक्य नाही.

मृत्यूचा अंदाज बांधायला गेलो की हेच गणित कोसळते. भारतात २०२२ मध्ये आत्महत्येचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे १२.४ होते. संवेदनशीलता ९५ टक्के आणि विशिष्टता ९० टक्के असलेली, म्हणजे आज अस्तित्वात असलेल्या कोणत्याही साधनापेक्षा सरस अशी काल्पनिक चाचणी एक लाख लोकांना दिली, तर ती त्या बारा जणांपैकी अकरा जणांना ओळखेल आणि त्यांच्यासोबत सुमारे दहा हजार अशा लोकांकडे बोट दाखवेल, ज्यांचा त्या वर्षी आत्महत्येने मृत्यू होणार नाही. हा प्रश्नांच्या भाषेचा किंवा संशोधकाच्या हुशारीचा दोष नाही. दुर्मीळ घटनेचा अंदाज बांधण्याची ही अंगभूत मर्यादा आहे. अल्बर्ट रोझेन यांनी ती १९५४ मध्येच मांडली होती. ॲलेक्स पोकॉर्नी यांनी १९८३ मध्ये तिची प्रत्यक्ष प्रचिती दिली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात मनोविकार विभागात दाखल झालेल्या ४,८०० रुग्णांची त्यांनी उपलब्ध असलेल्या जवळजवळ सर्व मापांनी नोंद केली आणि पुढे त्यांचा पाठपुरावा केला. त्यांतील ६७ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. कोणत्याही पद्धतीने जुळणी केली तरी अनेक जण निसटत होते आणि विनाकारण इशाऱ्यांची संख्या हाताबाहेर जात होती.

याउलट ज्या अभ्यासाचा दाखला उत्साहाने दिला जातो, तोही बारकाईने वाचायला हवा. एरन बेक यांची हताशा-मापन श्रेणी १९७४ मध्ये आली. भविष्याविषयीची २० विधाने वाचून प्रत्येकाला 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचे असते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १,९५८ बाह्यरुग्णांचा पाठपुरावा होता. पुढे १७ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला, आणि त्यांपैकी १६ जणांचे गुण ९ किंवा त्याहून अधिक होते. ९ किंवा अधिक गुणांच्या गटातील जोखीम इतरांच्या अकरापट भरली. आकडा प्रभावी आहे यात शंका नाही. पण सतरापैकी सोळा आणि अकरापट हे दोन आकडे एकत्र ठेवून हिशेब केला, तर त्या गटात निम्म्याहून अधिक रुग्ण बसतात असे दिसते. हताशा हे काळजीचे लक्षण आहे हे या अभ्यासाने पक्के केले. कोणाचा मृत्यू होईल हे मात्र त्यावरून सांगता येत नाही.

पीएचक्यू-९च्या नवव्या प्रश्नाचेही असेच आहे. अमेरिकेत ८४,४१८ बाह्यरुग्णांच्या नोंदी पाहून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 'अजिबात नाही' म्हणणाऱ्यांपैकी ०.४ टक्के आणि 'जवळजवळ रोज' म्हणणाऱ्यांपैकी ४ टक्के जणांनी पुढील वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केला होता. दहापट फरक आहे, म्हणून उत्तराकडे दुर्लक्ष करणे अक्षम्य ठरेल. मात्र तेथील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतील २०१६ चा अभ्यास दुसरी बाजू दाखवतो. आत्महत्येने मृत्यू झालेल्यांपैकी सुमारे ७० टक्के जणांनी त्याआधी त्या प्रश्नाला 'अजिबात नाही' असेच उत्तर दिले होते. काहींनी लपवले असेल, काहींच्या मनात तेव्हा खरोखर काही नसेल. म्हणून 'नाही' या उत्तराने काळजी संपली, असा अर्थ काढण्याचा अधिकार कोणतीही प्रश्नावली देत नाही.

पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केले, तेव्हा आत्महत्येच्या विचारांचा आणि वर्तनाचा अंदाज बांधण्याची क्षमता निव्वळ योगायोगापेक्षा थोडीच सरस असल्याचे आढळले, आणि पन्नास वर्षांत ती वाढलेलीही नव्हती. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, पुढील आत्महत्येचा किंवा पुन्हा स्वतःला इजा करण्याचा अंदाज बांधण्यासाठी जोखीम मोजणारी साधने वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले आहे, आणि कोणाला उपचार द्यावेत किंवा कोणाला घरी पाठवावे हे त्यांवरून ठरवू नये असेही म्हटले आहे. मला हे धोरण योग्य वाटते. कमी गुण मिळाले म्हणून खाटेवरून उठवून घरी पाठवलेल्या माणसाची जबाबदारी गुणांच्या बेरजेवर ढकलता येणार नाही.

'हो' म्हटल्यानंतर

मग या प्रश्नावल्यांचा उपयोग किती, याचे उत्तर अमेरिकेतील आठ तातडीच्या विभागांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. आत्महत्येचे विचार किंवा अलीकडील प्रयत्न असलेले १,३७६ प्रौढ त्यात होते. पहिल्या टप्प्यात नेहमीची सेवा दिली, दुसऱ्यात सर्व रुग्णांची चाळणी सुरू केली, आणि तिसऱ्यात चाळणीसोबत डॉक्टरांकडून अधिक तपासणी, संकटाच्या वेळी काय करायचे याचा रुग्णाने स्वतः भरलेला लेखी आराखडा आणि पुढील वर्षभर अधूनमधून फोन, अशी जोड दिली. वर्षभरात प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या टप्प्यात सुमारे २३ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे २१.५ टक्के राहिले, म्हणजे नुसत्या चाळणीने म्हणावा असा फरक पडला नाही. तिसऱ्या टप्प्यात ते सुमारे १८ टक्क्यांवर आले. फरक घडवला तो आराखड्याने आणि फोनने. प्रश्नावलीने फोन कोणाला करायचा हे सांगितले.

त्यामुळे चाचणी तयार करतानाच 'हो' नंतरची व्यवस्था आखावी लागते. एएसक्यूच्या पद्धतीत चारपैकी एका प्रश्नाला 'हो' आले की पाचवा प्रश्न लगेच विचारतात: आत्ता, या क्षणी असे विचार येत आहेत का? येत असतील तर त्या मुलाला एकटे सोडले जात नाही आणि मानसिक आरोग्यतज्ज्ञाची तपासणी झाल्याशिवाय घरी पाठवले जात नाही. येत नसतील तर त्याच भेटीत एक छोटी मुलाखत होते आणि पुढे काय करायचे ते ठरते. प्रश्न विचारण्यापूर्वी आईवडिलांना काही मिनिटे बाहेर थांबण्याची विनंती करण्याचे शब्दही परिचारिकेला लिहून दिलेले असतात, कारण शेजारी आई बसलेली असताना सोळा वर्षांच्या मुलाने खरे उत्तर द्यावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

संशोधनाच्या टप्प्यावरही हीच जबाबदारी असते. निनावी सर्वेक्षणात लोक मोकळेपणाने लिहितात हे खरे, पण 'आत्ता असे विचार येत आहेत' असे लिहिणाऱ्याला नंतर शोधता येत नाही. म्हणून नाव नोंदवून, गोपनीयता कोठवर पाळली जाईल आणि कोणत्या परिस्थितीत ती मोडावी लागेल हे आधीच समजावून, मगच प्रश्न विचारायचे असतात, आणि उत्तरे त्याच दिवशी कोणीतरी वाचायची असतात. महिनाअखेरीस एकत्र मोजण्यासाठी कपाटात ठेवलेले गठ्ठे हा अशा विषयात अक्षम्य निष्काळजीपणा आहे. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरले जाते आणि तिला काळजी, उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. पोलिसांच्या भीतीने 'पूर्वी प्रयत्न केला का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणण्याची सवय आपल्या समाजात खोल रुजलेली असल्याने, उत्तर देणाऱ्याला ही तरतूद आधी सांगणे हा चाचणीच्या अचूकतेचाच भाग ठरतो.

विदर्भात 'विश्राम' या कार्यक्रमाने अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत काय केले, हे या संदर्भात पाहण्याजोगे आहे. तेथे आरोग्य कार्यकर्त्यांनी गावात बसून नैराश्याविषयी बोलणे, ओळखणे आणि जवळपास समुपदेशन मिळवून देणे अशी साखळी उभी केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावे या अभ्यासात नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. पण ओळखण्याच्या पायरीमागे मदतीची पायरी तयार होती, हे त्याचे वैशिष्ट्य होते.

मराठीत अशी चाचणी आणायची असेल तर इंग्रजी प्रश्नांचे भाषांतर ही केवळ सुरुवात आहे. दोन जणांनी स्वतंत्रपणे केलेले मराठी भाषांतर, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने केलेले उलट भाषांतर, तज्ज्ञांची चर्चा आणि मग नंदुरबारच्या आश्रमशाळेतील मुलीपासून पुण्याच्या वसतिगृहातील मुलापर्यंत निरनिराळ्या जणांसोबत बसून केलेले वाचन, इतके झाल्यावर खरी पारख सुरू होते. बॉस्टनमध्ये ठरलेली रेघ बीडमध्ये लागू पडेलच असे नाही, म्हणून प्रत्येकाची प्रशिक्षित तज्ज्ञाकडून, मराठीतून मुलाखत घेऊन ती नव्याने ठरवावी लागते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आशा कार्यकर्तीने प्रश्न वाचून दाखवायचे असतील, तर ती पद्धतही वेगळी पारखावी लागते, कारण ओळखीच्या, गावातल्याच बाईसमोर दिलेले उत्तर आणि एकट्याने कागदावर दिलेले उत्तर सारखे असेलच असे नाही. आणि तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एकदाच मनोविकारतज्ज्ञ येत असेल, तर उरलेल्या सहा दिवसांत 'हो' म्हणणाऱ्याची जबाबदारी कोणाकडे, त्या व्यक्तीचे नाव आणि फोन क्रमांक, हे पहिली प्रश्नावली वाटण्याआधी कागदावर ठरलेले असायला हवे.